आधी कुसू, मग कातणं: अमळनेरच्या एका सुतारकामाच्या कारखान्यातलं प्रकरण

काम होतं जुन्या माडीच्या कठड्याचं. बोरी नदीच्या काठच्या एका गावात धाब्याचं दुमजली घर आहे. खाली मातीच्या जाड भिंती, वर सागाची माडी आणि माडीला पुढून लाकडी कठडा. पावसाचं पाणी मुरून कठड्याचे २२ दांडे आणि ४ कोपऱ्यांचे खांब कुजले होते. घरमालकांना जसं होतं तसंच हवं होतं. दांडे साधे कातीव, म्हणजे फिरवत गोल कापलेले, पोटात ४५ मिमी आणि मानेशी २८ मिमी. खांब १०० मिमी जाडीचे आणि प्रत्येक खांबाला खालून वर चढत गेलेली वेल. दोन्ही टोकांना चौरस कुसू, जे वरच्या आणि खालच्या आडव्या लाकडातल्या भोकात बसतात. खिळा कुठेच नाही.

आमच्या घरात सुतारकाम तीन पिढ्यांचं. आजोबा बैलगाड्या आणि तिफणी करायचे. नानांनी, म्हणजे माझ्या काकांनी, गाड्यांचा शेवट पाहिला आणि देव्हारे, चौकटी, झोपाळे यांवर संसार चालवला. मी डिप्लोमा करून परत आलो आणि चार बाय चार फुटी सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणारं मशीन, घेतलं. आजवर त्याच्यावर पाट, जाळ्या, दारांवरची नक्षी असं सपाट कामच होत होतं. फळी बेडवर, म्हणजे मशीनच्या टेबलावर, आडवी टाकायची, कडेने आवळायची आणि वरून कोरायची. या कठड्यात सपाट असं काहीच नव्हतं. कुसू लाकडाच्या टोकावर, वेल खांबाच्या भोवती. म्हणून मशीनला दोन गोष्टी जोडाव्या लागल्या: लाकूड उभं धरायची सोय आणि लाकूड फिरवायची सोय. त्या जोडताना कुठे अडलो आणि काय केल्यावर सुटलो, ते आकड्यांसकट लिहितो, कारण खान्देशात आता गावोगावी राउटर आलेत आणि बहुतेकांवर अजून फक्त जाळ्याच कापल्या जातात.

बेडला पाडलेली पोकळी

फिरवायचं युनिट, म्हणजे रोटरी, तयार मिळतं. एका बाजूला मोटर आणि लाकूड जबड्यांत धरणारं चक, दुसऱ्या बाजूला लाकडाचं मोकळं टोक टेकवून धरणारा टेलस्टॉक. आमच्या युनिटची मध्यरेषा बेडपासून ६५ मिमी उंच आहे. १०० मिमीचा खांब म्हणजे त्रिज्या ५०, मावेल असं वाटतं. पण खांब गोल येत नाही, चौरस येतो. १०४ मिमी चौरसाचा कर्ण १४७ मिमी, त्याचा निम्मा ७३.५. म्हणजे पहिल्याच फेरीत लाकडाचा कोपरा बेडवर आदळणार. युनिटखाली ठोकळे घालून ते उचलता आलं असतं, पण मग वर स्पिंडल, म्हणजे बिट फिरवणारी मोटर, आणि कापणारा बिट यांना जागा उरली नसती.

उभं धरायलाही वेगळाच अडथळा होता. लाकडाचं टोक वर आणायचं तर बाकीचं लाकूड बेडच्या खाली गेलं पाहिजे. दोन्ही अडचणींवर उपाय एकच निघाला. बेडच्या पुढच्या भागात, फ्रेमच्या दोन आडव्या पाइपांच्या मधे, ९५० मिमी लांब आणि १८० मिमी रुंद पोकळी पाडली. फ्रेमचा एकही पाइप कापला नाही. तो कापला असता तर मशीनची ताठरताच गेली असती, आणि ती पुन्हा वेल्डिंगने येत नाही. चक पोकळीच्या एका टोकाला, टेलस्टॉक दुसऱ्या टोकाला, दोन्ही बेडवरच टेकलेले, आणि खांब मधे पोकळीवर मोकळा फिरणारा. रोटरी काढली की त्याच पोकळीच्या मागच्या भिंतीला लोखंडी प्लेट, प्लेटला टेकून लाकूड उभं, पुढून दोन क्लॅम्प आणि डाव्या हाताला एक उभी पट्टी. लाकूड नेहमी त्या पट्टीला भिडवायचं.

खांब ८५० मिमी लांब आणि बेड जमिनीपासून जेमतेम ८०० मिमी. तेव्हा मशीनखालची शहाबादी फरशी काढून फूटभर खड्डा खणला. बायकोने विचारलं, मशीन पुरायचं ठरवलंय का? खड्ड्यावर आता लाकडी झाकण आहे. ते नसेल तर पाय जातो, हे लक्षात ठेवा.

गुण्या बरोबर होता, तरी दांडा डगमगला

पहिले दोन दांडे आम्ही कुणालाही सुचेल तसेच केले: आधी रोटरीवर कातले, मग उभे धरून टोकाला कुसू पाडले. दोन्ही वाया गेले. कातून गोल झालेलं लाकूड प्लेटला टेकतं ते एका रेषेवर. इंग्रजी व्ही अक्षरासारख्या खाचेचे ठोकळे करून पाहिले, तरी दांड्याची मान बारीक आणि पोट जाड, त्यामुळे तो सरळ उभा आहे की नाही हे कशावरून ठरवायचं तेच कळेना. वरचा कुसू आणि खालचा कुसू एकमेकांशी पीळ खाऊन बसले. भोकात घातल्यावर दांडा अंगात आल्यासारखा वाकडा उभा राहिला.

नानांनी दुसरा वाया गेलेला दांडा हातात घेतला, बराच वेळ फिरवून पाहिला आणि म्हणाले, "चौकोन शे तवलग धरानं ना." म्हणजे, चौकोनी आहे तोवरच धर ना.

सगळं प्रकरण या एका वाक्यावर फिरलं. चौरस लाकडाला चार सपाट बाजू असतात आणि प्लेटला टेकायला सपाट बाजूच लागते. ती कातून टाकली की धरण्यासारखं काही उरत नाही. म्हणून क्रम उलटा केला. आधी चौरस तुकडा उभा धरून दोन्ही टोकांना कुसू पाडायचे. मग तोच कुसू चार जबड्यांच्या चकमध्ये धरायचा, दुसऱ्या कुसूच्या मध्यात टेलस्टॉकचं टोक टेकवायचं आणि कातायचं. अशाने कातीव भाग आपोआप कुसूच्या मध्यरेषेवर येतो, कारण तो धरलाच आहे कुसूवरून. शिवाय चकच्या जबड्यांत कुसूची सपाट बाजू असल्यामुळे वेलीची सुरुवात कुठल्या बाजूला येणार हेही ठरून जातं.

पण एवढ्याने भागलं नाही. नव्या क्रमाने केलेला पहिला तुकडा चकमध्ये धरून सावकाश फिरवला, तर टेलस्टॉक लावण्याआधी त्याचं मोकळं टोक चांगलंच घुमत होतं. नानांनी पेन्सिल स्थिर धरून टोकाजवळ नेली. खूण एकाच अंगाला उमटली. टोक मध्यापासून जवळजवळ ३ मिमी बाहेर होतं. टेलस्टॉक लावून ते जबरदस्तीने मध्यावर ओढता येतं, पण मग दांडा ताणाखाली कातला जातो आणि काढल्यावर पुन्हा वाकतो.

प्लेट मी गुण्या, म्हणजे काटकोन पाहायचं साधन, लावून बसवली होती. बेडशी काटकोन अचूक होता, गुण्याच्या पात्यामागे उजेडाची रेघही दिसत नव्हती. मग स्पिंडलला डायल गेज, म्हणजे बारीक फरक काट्याने दाखवणारं साधन, लावला, त्याचं टोक प्लेटला टेकवलं आणि झेड, म्हणजे स्पिंडलची खाली-वर चाल, खाली सोडला. १२० मिमी उतरताना काटा ०.६ मिमी सरकला. प्लेट बेडशी काटकोनात होती, पण झेडची चालच बेडशी काटकोनात नव्हती. सपाट जाळ्या कापताना हा दोष कधी दिसला नव्हता, कारण तिथे झेड १८ मिमीच्या पलीकडे उतरतच नाही.

१२० ला ०.६, म्हणजे ५६० मिमीच्या दांड्याला २.८ मिमी. नानांच्या पेन्सिलीने दाखवलेलं अंतर हेच होतं.

मला या कामातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. उभ्या प्लेटला बेडशी काही देणंघेणं नाही, तिला झेडच्या चालीशी समांतर राहायचं आहे. कापणारा बिट जसा खाली-वर जातो तसा कुसू होतो, आणि लाकूड त्या चालीशी समांतर उभं असेल तरच कुसू लाकडाशी सरळ. झेडचा मूळ कल वेगळ्याने काढायचाच, तो आम्ही नंतर काढला. पण प्लेट लावताना गुण्या खिशात ठेवा आणि डायल लावा. झेड खाली-वर करून एकदा, एक्स डावीकडून उजवीकडे नेऊन एकदा. आम्ही प्लेटमागे कोल्ड्रिंकच्या डब्याचे पत्रे घातले. तो पत्रा साधारण ०.१ मिमी जाड असतो, आणि एकावर एक घालत गेलं की हवं तिथे थांबता येतं. शेवटी १२० मिमीत काटा ०.०२ वर आला. त्यापुढे भांडण्यात अर्थ नाही, सागाचं लाकूड एका रात्रीत त्याहून जास्त हलतं.

वैशाखात प्लेट आणि बेड यांच्या मधे प्लायच्या पट्ट्या होत्या. आषाढात पहिली झड लागली आणि पट्ट्या फुगल्या, काटा पुन्हा ०.३ दाखवू लागला. आता तिथे ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आहेत. ज्याच्यावरून माप घ्यायचं त्या जागी लाकडाची वस्तू ठेवायची नाही.

उभ्या लाकडाचा आणखी एक घोटाळा. तुकडा एका टोकाला कुसू पाडून उलटा केला की प्लेटची बाजू आणि पट्टीची बाजू या दोन्हींपैकी एक तरी बदलतेच, कसाही उलटा करा. तुकडा ५० मिमी समजून मध्य २५ वर धरला आणि तो प्रत्यक्षात ५०.८ भरला, तर वरचा आणि खालचा कुसू एका रेषेत येत नाहीत, ०.८ चा फरक पडतो. यावर दोनच वाटा आहेत. एक तर सगळे तुकडे एकाच वेळी, एकाच सेटिंगवर रंधा मशीनमधून काढून एकसारखे करा, किंवा प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही बाजूंना बिट टेकवून मध्य नव्याने काढा. २२ दांड्यांना आम्ही पहिली वाट धरली, ४ खांबांना दुसरी.

कापण्याबद्दल थोडक्यात. दांड्यांच्या कुसूंना ६ मिमीचा दोन धारांचा कार्बाइड बिट, १८,००० आरपीएम, मिनिटाला २००० मिमी चाल, एका पासात ३ मिमी खोली. टोकाचं लाकूड प्लेटच्या वर ३५ मिमी, त्याहून जास्त काढलं की थरथरतं. बिट जिथे लाकडातून बाहेर पडतो तिथे कड फुटते, म्हणून त्या बाजूला टाकाऊ लाकडाची पट्टी लाकडासोबतच आवळायची. फुटायचं ते तिचं फुटतं.

सुतळीचं माप

रोटरीला आमच्या कंट्रोलरमध्ये वेगळा अक्ष नाही. वायची, म्हणजे पुढे-मागे चालीची, पल्स (मोटरला हलवणारा विजेचा ठोका) रोटरीच्या ड्रायव्हरकडे, म्हणजे तिची मोटर चालवणाऱ्या भागाकडे, वळवायची आणि गॅन्ट्री, म्हणजे स्पिंडल वाहणारी आडवी कमान, रोटरीच्या बरोबर मध्यावर थांबवून ठेवायची. हे वळवणं स्विचने सिग्नलच्या तारांवर केलं आहे. मोटरच्या तारा चालू वीजपुरवठ्यात काढू-घालू नका, ड्रायव्हर जळतो.

मोटरला एका फेरीला १६०० पल्स, आणि पट्ट्याची घट ६ ला १, म्हणजे मोटरच्या सहा फेऱ्यांना चकची एक. म्हणजे चकच्या एका पूर्ण फेरीला ९६०० पल्स. पण वायला तर मिलिमीटरची भाषा कळते, अंशांची नाही. म्हणून एका मिलिमीटरला किती पल्स हे लाकडाच्या घेरावरून काढावं लागतं. ८० मिमी जाडीच्या तुकड्याचा घेर २५१.३३ मिमी, तेव्हा ९६०० भागिले २५१.३३, म्हणजे ३८.१९७. मी आधी ८० च्या बाभळीच्या तुकड्यावर वेल कोरून पाहिली. सुंदर आली, सुरुवात आणि शेवट जुळले. त्याच उत्साहात खांबाचा १०० मिमीचा पहिला सागाचा तुकडा चढवला, वेलीचं चित्र ३१४.१६ मिमी रुंद केलं आणि मशीन चालू केलं.

वेल जिथे संपायला हवी होती तिथे थांबली नाही. पहिल्या पानांवरूनच पुढे गेली आणि कोरलेल्या पानांवर दुसरी पानं कोरू लागली. मी आणीबाणीचं बटण दाबलं तेव्हा खांबाचा पाव भाग खराब झाला होता. तो साग आम्ही तळोद्याकडून आणलेला, गाठ नसलेला, सरळ रेषांचा. मला अक्षरशः रडू आलं. मी कंट्रोलर, ड्रायव्हर, चित्र, सगळं पुन्हा पुन्हा तपासत बसलो. चित्र बरोबर होतं, घेर बरोबर होता.

नाना काही बोलले नाहीत. खिळ्यावरची सुतळी काढली. खांबाभोवती एक वेढा घेतला आणि नखाने दाबून तिथे कापली. मग बाभळीचा तुकडा घेतला, त्याला दुसऱ्या सुतळीचा वेढा, तीही कापली. दोन्ही सुतळ्या बाकावर शेजारी ठेवल्या. मोठीच्या पाच सारख्या घड्या केल्या, एक घडी सोडली, आणि उरलेल्या चार घड्या लहान सुतळीला लावल्या. तंतोतंत. मग म्हणाले, "मशीनले डोया शेतस का? ते अजून बाभूयच फिरवी राहिनं." मशीनला डोळे आहेत का? ते अजून बाभूळच फिरवतंय.

सेटिंग ८० चं राहून गेलं होतं. ३१४.१६ गुणिले ३८.१९७ म्हणजे १२,००० पल्स, आणि फेरीला हव्यात ९६००. खांब एक पूर्ण फेरी आणि वर पाव फेरी फिरला, ४५० अंश. पाचाला चार, हेच सुतळीने दाखवलं होतं. १०० मिमीसाठी आकडा हवा ३०.५५८. ज्या माणसाने बैलगाडीच्या चाकाच्या तुंब्यावर, म्हणजे मधल्या गाभ्यावर, बारा आऱ्यांची भोकं सुतळीच्या बारा घड्या करून आखली आहेत, त्याला घेर आणि फेरी यांचं नातं मला समजावून सांगायची गरज नव्हती. समजावून घ्यायची मला होती.

आता प्रत्येक जाडीचा आकडा मशीनशेजारच्या फळीवर खडूने लिहिलेला असतो आणि नवीन जाडी चढवली की आधी बिट वर उचलून, हवेत, एक पूर्ण फेरी मारायची. चकवर पांढरी रेघ आहे, ती जिथून निघाली तिथेच परत आली पाहिजे. युनिट नवीन असताना तर दहा फेऱ्या मारून पाहा. विकणाऱ्याने सांगितलेली घट आणि आतली खरी घट वेगळी निघू शकते, आणि दहा फेऱ्यांत छोटी चूकही डोळ्यांना दिसते.

झेडचं शून्य लाकडाच्या पृष्ठभागावर घेऊ नका. चौरस लाकडाला कोपऱ्यावर एक पृष्ठभाग, मध्यावर दुसरा. शून्य रोटरीच्या मध्यरेषेवर घ्या. चकमध्ये २० मिमीचा गुळगुळीत रॉड धरला, त्याच्या माथ्यावर बिट टेकवला आणि कंट्रोलरला झेड १० आहे असं सांगितलं. पडताळा सोपा: टाकाऊ लाकडावर झेड ३० ठेवून वरून सपाट कापा, १८० अंश फिरवा, पुन्हा कापा, कॅलिपरने जाडी मोजा. ६० आली तर मध्य बरोबर. आमची ६०.४ आली, म्हणजे बिट ०.२ वर राहत होता. रोटरी एक्सशी समांतर आहे का हे पाहायला चक आणि टेलस्टॉकच्या मधे सरळ रॉड धरायचा आणि डायल त्याच्या माथ्यावरून एकदा, कुशीवरून एकदा चालवायचा. यात अर्धा दिवस गेला आणि तो सत्कारणी लागला.

बारीक मान, आणि गेलेली वीज

दांड्यांची मान २८ मिमी, पोट ४५. गोल दांड्याची ताठरता व्यासाच्या चौथ्या घातावर चालते, म्हणजे मान पोटाच्या जेमतेम सातव्या हिश्शाइतकी ताठ. मान आधी बारीक केली की पुढचं सगळं थरथरत कातलं जातं आणि अंगावर लाटा उमटतात. म्हणून आधी सगळा दांडा ४८ पर्यंत गोल, मग पोट पूर्ण, आणि मान सगळ्यात शेवटी. ६ मिमीच्या गोल टोकाच्या बिटाने फेरीला १ मिमी सरकत गेलं की मागे राहणाऱ्या वऱ्या ०.०४ मिमी उंचीच्या असतात. दांडा रोटरीवरच फिरता ठेवून १२० आणि मग १८० नंबरच्या पॉलिश पेपरने त्या जातात. पेपर हाताने धरताना स्पिंडल बंद, बाही वर, गळ्यात उपरणं नाही.

शेवटच्या फिनिशच्या पासालाच मिनिटाला २० फेऱ्यांनी २८ मिनिटं लागतात. खरं सांगायचं तर साधा कातीव दांडा नाना लेथवर याहून लवकर काढतात, आणि फक्त दांडेच करायचे असते तर मी रोटरी घेऊ नका म्हटलं असतं. तिचं मोल कळतं ते वेलीला आणि कुसूशी जुळणाऱ्या कोनाला.

तिसऱ्या खांबाची वेल अर्ध्यावर असताना वीज गेली. दोन तासांनी आली. एक्स आणि झेड पुन्हा होमला, म्हणजे ठरलेल्या सुरुवातीच्या जागी, जाऊन आपली जागा शोधतात, रोटरीला होमचा सेन्सर नाही. चक कुणी हाताने हलवलं असतं तर खांब गेलाच असता. कुणी हलवलं नव्हतं, तरी मी तसंच पुढे चालवलं नाही. स्टेपर, म्हणजे पायरी-पायरीने फिरणारी मोटर; तिची वीज जाते-येते तेव्हा ती जवळच्या पायरीवर सरकून बसते. कुसूची सपाट बाजू इथे पुन्हा कामी आली. चकच्या जबड्यांतून कुसूचा ५ मिमी भाग बाहेर दिसत होता. काम सुरू करण्याआधी ती बाजू बेडशी समांतर करून तिथलं शून्य घेतलेलं होतं. डायल त्या ५ मिमीवर आडवा चालवला, काटा किंचित सरकला, तेवढं फिरवून दुरुस्त केलं आणि प्रोग्रॅममधल्या थांबलेल्या ओळीच्या दोन ओळी मागून वेल पुन्हा सुरू केली. सांधा शोधून सापडत नाही.

श्रावणात कठडा बसला. खालच्या आडव्या लाकडातली भोकं जुनीच, हाताने पटाशीने पाडलेली, प्रत्येक वेगळी. कुसू मुद्दाम अर्धा मिमी जाड ठेवले होते आणि नानांनी प्रत्येक भोक पाहून एकेक कुसू रंध्याने उतरवला. खांब उभा करून वरून लाकडी हातोडीने ठोकताना आवाज बदलतो, पोकळ असतो तो भरीव होतो. चौथ्या खांबाला तो आवाज आला तेव्हा घरमालकांच्या आजी ओट्यावरून उठून आल्या आणि वेलीवरून हात फिरवत वरपर्यंत गेल्या.

आता नानांना त्याच रोटरीवर बैलगाडीचा तुंबा करून पाहायचा आहे, बारा भोकांचा, दर ३० अंशांवर एक. तुंबा आमच्या चकच्या मध्यरेषेला मावत नाही, पोकळी असूनसुद्धा. त्यासाठी युनिटखाली ठोकळे घालावे लागतील आणि स्पिंडल वर न्यावा लागेल. मापं घेणं चालू आहे. होमचा सेन्सर त्याआधी बसेल.